दुसऱ्या खेपेचं दार

"उठा आधी. माझ्या बर्फावर बसलात तुम्ही."

नट एमेट लिंडक्विस्ट दचकून उठला. खुर्चीवर कॉर्नफ्लोअर भरलेली चामड्याची पिशवी होती. ती दाबली की रेडिओवर बर्फातली पावलं वाजत. हॉलिवूडच्या त्या स्टुडिओत पावलं, वारा, दारं... सगळे आवाज वर्ना हॅस्केल काढायची.

"म्हणजे या नाटकात माझे पाय तुम्ही?"

"नीट वागलात तर."

हे सोमवारचं. त्या नाट्यमालेत दर आठवड्याला गोष्ट नवी आणि नटही नवे. तालमीच्या दिवसांत एमेट सारखा तिच्या टेबलाशी घोटाळत राहिला, आणि वर्नाला ते आवडत होतं, हेच वाईट होतं. गुरुवारी प्रयोग, थेट रेडिओवर. पाच वाजता, घड्याळ तीन तास पुढे असलेल्या पूर्वेकडच्या श्रोत्यांसाठी, आठला तोच पुन्हा पश्चिमेकडच्यांसाठी. गोष्टीतला प्रियकर, म्हणजे एमेट, बर्फातून येतो, दार ठोठावतो, दार उघडत नाही, तो परत जातो. पाचला सगळं बिनचूक झालं.

मधल्या वेळात कँटीनमध्ये तो म्हणाला, "उद्या सकाळच्या गाडीनं शिकागोला चाललोय. तिकडे काम मिळालंय. कुणी थांब म्हटलं तर मात्र—"

"कुणी म्हणजे?"

"आहे एक. दारं छान उघडते."

वर्ना पुढ्यातला चेरी केक नुसता चिवडत राहिली. "आठ वाजत आले," एवढंच तिला सुचलं. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

लाल दिवा लागला. आता कुणीही बोलायचं नाही, फक्त खुणा. एमेट संवाद घाईघाईनं उरकत सुटला. काचेमागे दिग्दर्शक ग्रिफिन रबर ताणावं तसे हात ताणत होता. वेळ उरतोय, लांबवा.

"तू दार उघडलंस तर मी थांबेन," एमेट म्हणाला. वाक्य संहितेतलंच होतं. पण तो कागदाकडे पाहत नव्हता.

आता दूर जाणारी पावलं. वर्नानं पिशवी धरली... आणि तिच्यानं ती दाबवेना. रेडिओवर शांतता म्हणजे महापाप, आणि संहितेबाहेरचा आवाज म्हणजे नोकरीवर पाणी. ग्रिफिनचे हात हवेतच थिजले. वर्नानं पिशवी खाली ठेवली आणि टेबलाशेजारी आवाजांसाठी उभ्या केलेल्या चौकटीतल्या लाकडी दाराची कडी काढली. दार करकरलं.

आजवर माइकवर कधी न बोललेली वर्ना वाकून म्हणाली, "ये आत. गारठशील."

"खरंच... येऊ?"

"किती वेळ दारात उभा राहणार आहेस? कॉफी गार होतेय."

दार लागलं. संगीत सुरू झालं. ग्रिफिनचं बोट सावकाश नाकाच्या शेंड्यावर गेलं. ठरलेली खूण... प्रयोग अगदी वेळेवर संपला होता.

दिवा विझताच तो काचेमागून बाहेर आला. "वर्ना, पूर्वेकडच्यांना काय सांगू? तिकडे तो परत गेलाय."

"सांगा, पाच वाजता ती घाबरली होती."

ग्रिफिन कपाळावर हात मारून निघून गेला. एमेट जवळ आला.

"आणि आता?"

"आत्ताही घाबरलेय," वर्ना म्हणाली. "पण तू जाऊ नकोस."