रघोजीरावांची तबकडी

"शेषम्मानेच चोरली," रघोजीराव विनुताच्या खोलीत येताच म्हणाले. "तिला घराबाहेर काढण्याआधी तुमच्या तोंडून ऐकायचंय, इतकंच."

विनुता तंजावुरात खासगी तपासाची कामं घेई. निवृत्त पोस्टमास्तर सांबशिवमामा तिच्याबरोबर हिंडत. मामांना रघोजीरावांचं म्हणणं लगेच पटलं. घरात सगळीकडे वावरणारी स्वयंपाकीण. दुसरं कोण असणार?

चोरीला गेली होती ग्रामोफोनची, जॅझ संगीताची तबकडी. एका नामवंत अमेरिकन गायकाची, एरवी 'सोल' ढंगाची गाणी गाणाऱ्या, वर त्याची सही, रघोजीरावांच्या दिवंगत भावाने पाठवलेली.

"त्याची माझ्याकडे एवढी एकच," ते म्हणाले. काल दुपारी दोन ते पाच ते ग्रंथालयात होते; परतले तर ती जागेवर नव्हती.

राजवाड्यामागच्या त्यांच्या घरी शेषम्मा डोळे पुसत उभी होती.

"मी गच्चीवर वडामाचे पापड वाळत घालत होते, अम्मा. ती तबकडी मला कशाला? अण्णा लावतात तेव्हा नुसता पियानो टणटणत असतो. झोप येते."

"मागचं दार?"

"दिवसा उघडंच असतं."

सोयीचं उत्तर, मामांच्या मनात आलं.

शेजारच्या घरात रघोजीरावांचा पुतण्या वरुणराव बॅग भरत होता. मद्रासला नव्याने आलेल्या परदेशी कंपनीत उद्या मुलाखत होती. "साहेब अमेरिकन आहे, संगीताचा शौकीन," तो म्हणाला.

"काल दुपारी कुठे होतात?"

"चारला काकांच्या दारावरून गेलो. आत तीच तबकडी लागली होती. काय गळा त्या माणसाचा! काकाच ऐकत बसले असतील समजून आत गेलो नाही."

"म्हणजे तेव्हा घरात शेषम्मा एकटीच!" मामा पुटपुटले.

विनुताने सगळ्यांना रघोजीरावांच्या दिवाणखान्यात बोलावलं. वरुणरावाला बॅगही आणायला लावली.

"वरुणराव, गाणं कशाबद्दल होतं?"

"प्रेमाबद्दल... काहीतरी."

"या गायकाचा गळा जगभर नावाजलेला. पण या तबकडीत त्याने तोंडच उघडलेलं नाही, फक्त पियानो वाजवलाय. शेषम्माने ते सांगितलं, आपण कान दिला नाही. त्याची दुसरी तबकडी इथे नाही. मग तुम्ही ऐकलात तो गळा कुठला? तुम्ही मागच्या दाराने येऊन ती उचललीत, कव्हरवरचं नाव तेवढं वाचलंत, आणि संशय शेषम्मावर जावा म्हणून चारची गोष्ट रचलीत. मद्रासच्या साहेबाला द्यायचा नजराणा बॅगेत आहे ना?"

वरुणरावाने बॅग उघडली. शर्टांखालून तबकडी निघाली.

रघोजीराव शेषम्माकडे वळले. "चुकलो. विसरून जा."

शेषम्माने कंबरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "सांबार चुलीवर आहे. मी ओरत्तनाडूला लेकीकडे चालले."

"अगं, चोर सापडला की!"

"त्याच्या आधी तुम्हाला मी सापडले होते, अण्णा."

मामांना तिच्याकडे बघवेना. त्यांनी तिचं गाठोडं उचललं आणि बसपर्यंत तिच्यामागून चालत गेले.