सर्व्हिस लिफ्टमधला वास

ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं. पण हे घडलंय, आणि माझ्या मावसबहिणीच्या, योगिनीच्या दारात घडलंय.

यंदाच्या मे महिन्यातला सोमवार. भर दुपारचे अडीच. नाशिकला पाथर्डी फाट्याकडची एक मोठी सोसायटी. नाव सांगत नाही.

योगिनी आधी द्वारका सर्कलजवळ जुन्या बिल्डिंगमध्ये राहायची. तिथलं गेट कायम उघडं. तिच्या जावेच्या रो-हाऊस कॉलनीला एक म्हातारा वॉचमन, तोही सगळ्यांना नावानं ओळखणारा.

इथे मात्र तीन गेट, प्रत्येकाला पास... आणि दोन लिफ्ट. आरशाची लिफ्ट राहणाऱ्यांची. दुसरी सर्व्हिस लिफ्ट. तिच्यातून कामवाल्या बायका जायच्या आणि कचऱ्याचे ड्रमही.

शनिवार-रविवार योगिनी माहेरी, मनमाडला होती. सोमवारी परतली तर कामवाल्या सुलाबाईचा पत्ताच नाही.

अडीचला इंटरकॉम वाजला.

"मॅडम, सुलाबाई आल्यात."

"पाठव लवकर," योगिनी वैतागून म्हणाली आणि दार उघडून उभी राहिली.

सर्व्हिस लिफ्ट नवव्या मजल्यावर थांबली.

दार सरकलं...

आधी वास आला. आंबलेलं वरण, सडकी फळं, पोरांचे डायपर. उन्हात तापलेला, घशाला चिकटणारा वास.

आत कुणीच नव्हतं.

दार मिटायला निघालं आणि अर्ध्यातच थांबलं. कुणीतरी मध्ये हात घातल्यासारखं...

पुन्हा निघालं. पुन्हा थांबलं.

मग आतून आवाज आला. धापा टाकत.

"ताई... त्या लिफ्टनं जाऊ का? हितं लय मळमळतंय..."

शुक्रवारी सुलाबाईनं हेच विचारलं होतं. आणि योगिनी म्हणाली होती, "नियम आहे बाई, मी काय करू?"

ती जिन्यानंच खाली धावली. गेटवर महेश वॉचमन होता.

"सुलाबाईला वर कुणी पाठवलं?"

महेश बघतच राहिला. "मी फोनच नाही केला, मॅडम. सुलाबाई शनिवारीच वारल्या. लाईट गेली, लिफ्ट अडकली. दीड तास आत होत्या, सहा ड्रमांसोबत." त्यानं आवाज खाली आणला. "सेक्रेटरी साहेब म्हणाले, कुठं बोलायचं नाही. फ्लॅटचे भाव पडतील."

योगिनी तडक सेक्रेटरीच्या दारात गेली. तो आंबा चोखत बाहेर आला.

"दमा होता हो तिला," बोटं चाटत तो म्हणाला. "दुसरी बाई बघून देतो ना."

त्याच्या पायपुसण्यावरच तिला भडाभडा उलटी झाली.

नंतर ती आणि तिचा नवरा हर्षल सुलाबाईच्या घरी, पेठच्या बाजूला गेले. सुलाबाईच्या मुलीनं, आशानं, पाण्याचा तांब्या पुढे केला.

महिन्याभरात त्यांनी फ्लॅट सोडला.

परवा योगिनी माझ्याकडे जेवायला आली. घास उचलला, खाली ठेवला. तीनदा हात धुऊन आली.

"माझ्या हातांना वास येतोय का गं?"

मी तिचे हात हुंगले...

"नाही," म्हणाले.

ती गेल्यावर सगळा स्वयंपाक मी तसाच टाकून दिला.