भरतीच्या आधी निघालेली होडी

बेटावरच्या दीपगृहात राहणाऱ्या, सुईणताईच्या धाकट्या बहिणीला वेळेआधीच कळा सुरू झाल्या होत्या. मूल पायाळू होतं, डोक्याऐवजी पाय खाली. सकाळी बंदरावरच्या वायरलेसवर तेवढा निरोप आला आणि सुईणताईनं आपली पेटी उचलली. काहीही करून बेट गाठायचं! तिथे डॉक्टर नाही, शेजारपाजार नाही. होता तो बहिणीचा नवरा, दीपगृहाचा राखणदार, आणि त्याला बोट कापलेलं पाहिलं तरी भोवळ यायची.

पण जायचं कुठून? धुक्यानं सगळा समुद्र गिळून टाकला होता.

"भरती लागू दे," सुकाणूवर हात ठेवून म्हातारा तांडेल म्हणाला. या किनाऱ्यावर त्याच्याइतक्या होड्या कुणी हाकल्या नव्हत्या. "ओहोटीत खडक वर येतात. धुक्यात ते दिसायचे नाहीत. आणि बेटावर उतरायची पायरीसुद्धा भरती आल्याशिवाय पाण्याला लागत नाही."

"मूल थांबणार आहे का भरतीसाठी? काका, सोडा होडी! प्रभू आहे आपल्याबरोबर."

"आहे ना! पण म्हणून त्याला मागून ढकलत न्यायचं का?"

ताईची प्रार्थनाही तिच्यासारखीच कंबर कसलेली असे. प्रभू, धुकं हटव. प्रभू, काकांना बुद्धी दे. प्रभू, आत्ताच्या आत्ता! देवावर तिचा विश्वास अपार होता. फक्त कामं वाटून द्यायचं काम तिनं स्वतःकडे ठेवलं होतं.

तिचा नवरा गावात बेकरी चालवायचा. धक्क्यावर उभं राहिलं तरी त्याला मळमळायचं, पण बायकोला एकटीला सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. साडूच्या घरी ताजा पाव भाजू, म्हणून त्यानं मळलेल्या कणकेचं भलंमोठं भांडंही मांडीवर घेतलं होतं.

ताईनं तांडेलाचं असं काही डोकं खाल्लं, की धुकं जरा विरळ होताच त्यानं हात टेकले. "बसा. पण मी सांगेन ते ऐकायचं!"

होडी निघाली. मोटर हळूहळू गुरगुरत होती. पांढऱ्या भिंतीत शिरावं तसं झालं होतं. आवाजसुद्धा ओला होऊन परत येत होता. बेकरीवाला भांड्याला मिठी मारून डोळे मिटून बसला होता, आणि ताई पुढे वाकून, जणू नजरेनंच होडी ओढत होती.

"खडक!" तांडेल ओरडला.

सुकाणू गर्रकन फिरलं. उशीर झाला होता! खर्रर्र! फळी तडकली. पाणी आत घुसलं. ताई डब्यानं पाणी उपसू लागली. डबा भरून बाहेर, डबा भरून बाहेर! पाणी वाढतच होतं.

"काहीतरी कोंबा भेगेत!" तांडेल गरजला.

बेकरीवाल्यानं डोळे उघडले. मांडीवरची कणीक पाहिली. मग दोन्ही हातांनी गोळेच्या गोळे भेगेत थापले, वर स्वतःचा सदरा कोंबला आणि त्यावर चक्क बसला!

"थांबलं!" तो ओरडला. "अगं, पाणी थांबलं!"

तेवढ्यात होडीनं एक हलका धक्का खाल्ला आणि ती जागच्या जागी बसली. वाळू! पाणी ओसरत गेलं, वाळूचा दांडा उघडा पडला आणि त्यावर होडी आडवी झाली. भरती येईपर्यंत ती हलणार नव्हती. तांडेलानं कापूस आणि डांबर काढून भेग बुजवायला घेतली.

आणि मग धुकं उठलं. समोर दीपगृह! इतकं जवळ, की खिडकीतला वाळत घातलेला टॉवेल दिसत होता. मध्ये फक्त एक अरुंद खाडी.

"मी चालत जाते!" पेटी डोक्यावर धरून ताई पाण्यात उतरलीसुद्धा.

"परत फिर! ओढ आहे तिथे!" तांडेल ओरडला.

गुडघे. कंबर. आणि पायाखालची वाळूच गेली! प्रवाहानं तिला उचललं, फिरवलं, खाली दाबलं. पेटी तिनं सोडली नाही. तेवढ्यात तांडेलानं भिरकावलेला दोर तिच्या खांद्यावर आपटला. तिनं तो मनगटाला गुंडाळला. दुसऱ्या टोकाला बेकरीवाला होता. उघड्या अंगानं, टाचा वाळूत रोवून, तो ओढत होता. "सोडू नकोस! मी आहे!"

वाळूवर पडून ताई खोकत राहिली. तांडेलानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो भेग बुजवत होता.

"माझ्या सुनेच्या बाळंतपणाच्या वेळी तूच दटावत होतीस," तो म्हणाला. "आत्ता जोर लावायचा नाही, वेळ आली की मी सांगेन! बिचारीनं ऐकलं बघ तुझं."

ताईला हसू आलं आणि रडूही. ती ओल्या वाळूत गुडघ्यांवर बसली. या वेळी सूचना संपल्या होत्या.

"प्रभू, ती तुझी आहे," ती हळूच म्हणाली. "बाळही तुझंच. मी पोचले तर तुझी चाकर म्हणून पोचेन. नाही पोचले, तरी तिथला मालक तूच." भीती काही गेली नाही. पण ती उठून नवऱ्याच्या पाठीवरची वाळू झटकत बसली.

पाणी परतलं. आधी वाळूवर जिभेसारखं सरकलं, मग होडीच्या कडेला चुळबुळ करू लागलं. होडी डुलली. सरळ झाली. तरंगली!

"आता!" तांडेल म्हणाला आणि मोटर सुरू झाली.

पायरी नेमकी पाण्याला लागलेली होती. शेजारच्या खडकांवर दीपगृहाची स्वतःची होडी फुटून पडली होती, फळ्या इतस्ततः. ताईनं ते पाहिलं आणि ती पेटी घेऊन जिने चढली.

बाळ अजून यायचं होतं! ताईनं हात धुतले. पुढचा वेळ कसा गेला ते कुणालाच कळलं नाही. आधी पाय, मग अंग, मग एक जीवघेणी शांतता... आणि मग टाहो! मुलगी! बाहेर धप्प असा आवाज झाला. तो बाळाचा बाप होता. बेकरीवाल्यानं त्याला अलगद उचलून खुर्चीत बसवलं.

"ताई," घामेजलेली धाकटी म्हणाली, "रागावू नकोस हं. सकाळी ते तुला घ्यायला निघाले होते, तर आमची होडी पायरीपाशीच खडकावर आपटून फुटली. जेमतेम पोहत परत आले. तेव्हापासून मी एकच प्रार्थना करत होते. भरती येईपर्यंत माझ्या ताईला वाटेत कुठेतरी अडकवून ठेव!"

ताई तिच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे आम्हाला वाळूत रुतवलं ते तू?"

"मी कुठे? मी नुसतं मागितलं."

ताई हसायला लागली. इतकी हसली, की दचकून बाळानं पुन्हा टाहो फोडला.