कल्याणच्या नावाचं रिकामं पान

भादव्यातली दुपार. पितरपाठ चालू हुता. ज्ञानेश्वरी खर्ड्याच्या बाजारातनं पळसाच्या पत्रावळ्या घिऊन आली, पिशवी चुलीपाशी ठिवली, हातपाय धुतले आन पदराला हात पुसत पुसतच कॉम्प्युटरपाशी जाऊन बसली. त्या दिवशी तिच्या नवऱ्याचं, कल्याणचं, जेवान हुतं. परसाल नगर रोडला उसाच्या ट्रॉलीवर त्याची गाडी गेली. ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता. बास. त्याच्यावर जास्त बोलायचं न्हाई.

बोलायचं ते आवाजाचं.

लंकाबाई म्हंजी कल्याणची आई. हिच्या अंगावरनं वारं गेलं, उजवं अंग लुळं पडलं आन वाचा बसली. आता लंकाबाईची वाचा बसली म्हंजी काय झालं, ते तुमाला न्हाई कळायचं. आख्ख्या गल्लीची टोपननावं हिनंच ठिवलेली. सरपंचाला तोंडावर 'शेवगा' म्हनायची. असली बाई गप पडली तर घर खायाला उठतं. कल्याण पुन्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत हुता. त्यानं आईसाठी प्रोग्राम लिवला. आईनं डाव्या बोटानं बटनं दाबायची, ते पडद्यावर उमटायचं आन मशीननं मोठ्यानं बोलायचं. बोलायला आवाज पायजे, तर त्यानं सोताचाच भरला. मशीन चालू केलं की पयलं वाक्य ठरलेलं. "आई, बोल."

मंग काय, म्हातारीला रान मोकळं! गवळी दारात आला की आतनं दांडगा गडी वरडायचा, "ए, दुधात पानी घातलंस का पान्यात दूध?" गवळ्याच्या हातातनं माप पडायचं. शेजारची रतनबाई एकदा वसरीला पाय पसरून सुनंची गाऱ्हानी सांगत बसल्ती, तर खिडकीतनं आवाज आला, "रतने, पदर सावर." रतनबाई जी पळाली ती चपला इसरून. म्हातारीचं तोंड वाकडंच, पन त्या वाकड्या तोंडानं ती डोळ्यात पानी येईस्तवर हसली.

कल्याण गेला. आवाज राहिला. म्हातारी रोज मेलेल्या पोराच्या तोंडानं पानी मागायची, आन ज्ञाना रोज नवऱ्याच्या आवाजाला चहा घिऊन जायाची. लोक म्हनायचे, हे बरं न्हाई बाई. ज्ञाना म्हनायची, तुमच्यातला गेलेला मानूस चहा मागतो का? मंग गप बसा.

आन मंग तिनंच घोळ घातला.

म्हातारीची नजर मंदावली, पडद्यावरची अक्षरं मोठी पायजे हुती. ज्ञाना बीसीए झालेली. येवढं काम तिला येत हुतं. मशीननं इचारलं, नवा कंपायलर आलाय, घालू का? हिनं व्हय म्हनलं. कंपायलर म्हंजी गिरनी धरा. आपन लिवलेलं दळून देती, मशीनला दळलेलंच पचतं. प्रोग्राम नव्या गिरनीतनं दळून निघाला, अक्षरं ही मोठाली झाली, आन आवाज गेला.

त्याचं असं हाय. प्रोग्रामला सगळं सामान सोताचं नसतं. लग्नाचा आचारी जसा गावकीच्या खोलीतली भांडी मागतो, हे पातेलं आना, ती परात आना, तसा प्रोग्राम उठला की एकेक भांडं नाव घिऊन मागतो. त्याला म्हनत्यात लायब्ररी. कल्याणचा आवाज असल्याच एका भांड्यात भरलेला, आन भांड्यावर नाव 'कल्याण'. ते जुन्या गिरनीच्या काळचं. उचलायला जुनीच सांडशी लागायची, आन नव्या कंपायलरनं येता येता ती भंगारात काढल्याली. म्हनून मशीन म्हनायचं, कल्याण सापडत न्हाई. फाईल तर डोळ्यांम्होरं दिसतीया, आन मशीन म्हनतंय अशी फाईलच न्हाई!

नवं भांडं घडवावं, तर साचा पायजे. साचा कंपनीच्या लॅपटॉपवर, त्यो कंपनीनं कवाच नेऊन पुसून काढला.

ज्ञानानं काय करायचं ठिवलं? भांडं कुठल्या खोलीत हाय त्याचा रस्ता मशीनला सांगितला. सगळ्या खोल्यांची झडती परत घ्यायला लावली. जुन्या सांडशीचं नाव नव्या सांडशीला दिलं, तर मशीन एक पाऊल पुढं आलं आन म्हनलं, मला पायजे ती गोष्ट ह्यात न्हाई. जुना कंपायलर परत आनावा म्हनून गेली, तर ज्या दारात त्यो मिळायचा ते दारच बंद झाल्यालं. जेवायची शुद्ध न्हाई तिला. रोज तेच. कल्याण सापडत न्हाई. कल्याण सापडत न्हाई. नवरा गेलेल्या बाईला रोज असं वाचायला लागलं तर काय व्हईल, तुमीच सांगा.

तिकडं म्हातारी मुकी. लिवलेलं पडद्यावर दिसायचं, पन बघायला कोन तरी समोर पायजे ना. एकदा ज्ञाना दळन आनायला गेली, तर म्हातारी ओल्या अंथरुनात तशीच पडून राहिली. हाक मारायला तोंड नव्हतं. त्या दिवसापासनं तिनं बटनांना हात लावला न्हाई.

पितराच्या दिवशी सकाळी लावला. डावं बोट बटनांवर गेलं. पडद्यावर मोठाली अक्षरं उमटली.

'आज त्याचं जेवान. हाक मी मारनार.'

त्यांच्यात रीतच हाय ती. गवरीच्या इस्तवावर घास टाकायच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्यानं गेलेल्याचं नाव घिऊन हाक मारायची, जेवायला ये म्हनून. आईच्या हाकेला पोरगं येनार. आन आईला तर त्या मशीनशिवाय तोंड न्हाई.

"मारा आत्या," ज्ञाना म्हनली. "ताट वाढस्तवर जमवते मी."

चुलीपाशी रतनबाई वडे तळत हुती. माशा आत येत्यात म्हनून ज्ञानानं खिडकी लावल्याली. भर दुपारी खोलीत अंधार. तुपाचा, खिरीचा, धुपाचा वास दाटलेला. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत हुता. खाटेवरनं म्हातारी हिच्या पाठीकडं बघत हुती.

आता ज्ञानानं काय केलं बघा. तिला शंका आली, मशीन त्या खोलीत बघतंय तरी का? ते तपासायची एक युक्ती असती. खरं भांडं बाजूला काढायचं आन त्याच नावाची रिकामी फाईल तिथं ठिवायची. आत काय नसलेली, नुसतं नाव. मशीन तिथं बघत असंल तर कुरकुरतं, म्हनतं फाईल लई तोकडी हाय. मंग कळतं, रस्ता बरोबर हाय. जगभरातली शिकल्याली पोरं असं करत्यात, त्यांना काय हुत न्हाई.

पन त्यांच्या घरी इस्तव पेटलेला नसतो.

लंकाबाईनं ज्ञानाला ह्या घरात आल्या आल्या बजावलं हुतं, तवा तिची जीभ शाबूत हुती. "पोरी, पितराच्या दिवशी नाव घिऊन पान मांडलं तर त्याच्यावर आधी घास पडला पायजे. नाव घेतलेलं रिकामं पान मांडू नगंस. ज्याचं नाव घेतलं त्यो येत न्हाई. भुकेलं कोन असंल ते येऊन बसतं." दर साली ज्ञाना जपून करायची. पान आन घास एकदमच. त्या दिवशी तिला वाटलं, आपन कॉम्प्युटरवर काम करतोय.

तिनं कल्याणची फाईल बाजूला ठिवली. त्या जागी रिकामी फाईल केली. नाव घातलं, कल्याण. आन प्रोग्राम चालू केला.

मशीन कुरकुरलं न्हाई.

पंख्याची घरघर थांबली. चुलीवरल्या कढईचा चर्र आवाज हुता, त्यो बी लांब गेल्यागत झाला. आन कॉम्प्युटरच्या काळ्या डब्यातनं कुनीतरी श्वास घेतला. आत ओढलेला... लांब... सोडलाच न्हाई.

"वाढ."

कल्याणचा आवाज! त्योच खर्ज, त्योच शेवटाला जरा घोगरा. ज्ञाना तोंडावर पदर धरून रडली. चुलीपाशनं रतनबाई वरडली, "आला गं बाई आवाज! ज्ञाने, जमलं की! आन बघ की भामटा, आल्या आल्या जेवायला मागतोय!"

"आत्या, बोला," ज्ञानानं बटनं म्हातारीच्या डाव्या हाताशी सरकवली. "मारा हाक."

म्हातारीनं एकेक अक्षर दाबलं. 'कल्याण, ये बाळा.'

"वाढ," मशीन म्हनलं.

ज्ञानाला वाटलं, सूर इकडचा तिकडं झाला असंल. "परत लिवा, आत्या."

म्हातारीचं बोट बटनावर नुसतंच राहिलं. ती कान देऊन ऐकत हुती. आईचा कान त्यो. मंग तिनं लिवलं, आन ह्या बारीला बोट लई जोरात चाललं.

'ह्यो माझा न्हाई.'

"वाढ... वाढ..."

'ज्ञाना बंद कर'

"वाढ."

तेवढ्यात रतनबाई ताट घिऊन आत आली. आगारी, म्हंजी इस्तवावरचा घास, टाकायची राहिलीच. तिला काय ठावं! "थांब रं बाबा, आनलं," म्हनत तिनं ताट खाटेवर ठिवलं, म्हातारीच्या पुढ्यात. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी.

म्हातारीचा उजवा हात उठला.

त्यो हात वारं गेल्यापासनं मेल्याला. ज्ञाना रोज उचलून धुवायची त्यो, लाकडागत. त्यो उठला आन खिरीत गेला, पाची बोटं. रतनबाईनं हात जोडले. "बघ गं, पोराच्या पायगुनानं हात आला!" पन ज्ञाना म्हातारीच्या डोळ्यांकडं बघत हुती. तोंड खात हुतं. गचागचा, न चावता. आन डोळ्यांतनं पान्याच्या धारा लागल्या हुत्या. डोळे ज्ञानाकडं बघून 'न्हाई, न्हाई' म्हनत हुते.

डावा हात सरपटत बटनांकडं निघाला. उजव्यानं ताट सोडलं, आन खिरीनं माखलेल्या बोटांनी डाव्याचं मनगट आवळून धरलं.

"रतनमावशी," ज्ञाना कुजबुजली, "ताट उचला..."

"अगं, जेवू दे की म्हातारीला!"

ज्ञानानं ती रिकामी फाईल पुसली. मशीन म्हनलं, अशी फाईल न्हाई. जी फाईल आत्ताच केली ती न्हाईच म्हनतंय, आन आवाज चालूच. "वाढ." मंग तिनं बाजूला ठिवलेलं खरं भांडं आनायला हात घातला, कल्याणच्या आवाजाचं, जगातलं येकुलतं एक. फाईल हुती. नाव हुतं. आत काय नव्हतं. पत्रावळ चाटून पुसून ठिवावी तशी सफा.

तिनं वायरच उपटली. पडदा काळा झाला. आवाज थांबला. मंग खोलीत खान्याचाच तेवढा आवाज राहिला.

आगारी त्या दिवशी पडलीच न्हाई. खरा कल्याण दारापत्तुर आला असंल आन कुनी हाक मारंना म्हनून उपाशी माघारी गेला असंल, ह्या एका गोष्टीवर ज्ञाना आजबी रडती.

जामखेडच्या डॉक्टरनं म्हातारीला तपासलं. हात हालतोय, भूक लागतीया, लई चांगलं लक्षन हाय म्हनला. चांगलं! म्हातारी खातीया, खातीया, आन वाळत चाललीया. मनगटातनं बांगडी कोपरापत्तुर सरकती. पुढ्यातलं ताट उचललं तर बोटं रिकाम्या जागेवर फिरत्यात. डावा हात तर आताशा उजव्याच्या मुठीतच असतो, झोपेत सुदिक. रतनबाई यायची बंद झाली. म्हनती, लंकी माझ्याकडं बघती तवा तिच्या डोळ्यांत लंकी लई लांब दिसती, हिरीच्या तळाला असल्यागत.

म्हातारीला काय तरी सांगायचंय. डोळे फुटतील असं बघती. पन डाव्या हाताला मोकळीक न्हाई, आन आवाजाचं भांडं गेलं. ज्ञाना तरी कॉम्प्युटरपाशी बसती. कुनाचा बी आवाज चालंल, निदान डोळ्यांच्या हालचालीवर बोलनारं काय तरी करू, आत्या काय म्हनत्यात ते येकदा कळू दे. तिनं त्यो डबा बाहेर वसरीला मांडला आन दुसऱ्या तारंनं चालू केला.

बोलत न्हाई त्यो आता. चुप हाय.

परवा दुपारी तिनं प्रोग्रामला नुसतं इचारलं, तुला कुठली कुठली भांडी लागत्यात? असं इचारता येतं. मशीन एकेक नाव सांगतं आन पुढं सांगतं, सापडलं का न्हाई. पयल्यांदा नेहमीची नावं आली. मंग आलं, कल्याण, सापडत न्हाई. ते तिला पाठ झाल्यालं.

त्याच्याखाली आलं, लंका. सापडली.

लंका नावाची फाईल तिनं कवाच केली नव्हती. कल्याणनंबी न्हाई. घरातनं म्हातारीची बोटं ताटावर घासल्याचा आवाज येत हुता, त्यो थांबला.

त्याच्याखाली आनखी एक नाव उमटलं. हळूहळू, एकेक अक्षर, जसं कुनी एका बोटानं लिवतंय.

ज्ञाना. सापडत न्हाई.