घसरणारा उंदीर

“आई, हा परत रुसला!” इंग्रिड ओरडली.

पडद्यावरचा ठिपका जागच्या जागी थरथरत होता. तिची आई, मिसेस हॉल्म, हातातला लाकडी ठोकळा टेबलावर पुढेमागे सरकवत होती. ठोकळ्याच्या पाठीवर एक बटण आणि टोकाला शेपटीसारखी तार. १९६०च्या दशकातल्या, अमेरिकेतल्या मेन्लो पार्कच्या त्या प्रयोगशाळेत सगळे त्याला उंदीर म्हणत. त्याच्या पोटाखाली दोन चाकं होती. उंदीर सरकला की चाकं फिरायची आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठिपका पळायचा. शुक्रवारपर्यंत तरी पळत होता!

“कामाच्या बाकावर नेला की कसा शहाण्यासारखा धावतो,” आई वैतागून म्हणाली. “या टेबलावर आणला की अडून बसतो! आता या कामाला पैसे देणारे वॉशिंग्टनचे पाहुणे येतायत. तेव्हाही असाच अडला, तर माझं काम बंद. आमचे प्रमुख पार्डीसाहेब मला तसं बोललेत.”

आईची चार वर्षांची मेहनत! आई पाहुण्यांना आणायला फाटकाकडे गेली.

सुट्टी म्हणून इंग्रिडबरोबर तिचे मित्र केन्जी आणि रूडीही आले होते. रूडी टेबलावर वाकला आणि त्यानं बत्तिशी दाखवली.

“अरे वा! यात माझे दात दिसतायत!”

“घासले नाहीस ते पण दिसतंय,” केन्जी म्हणाला.

“गप रे! शुक्रवारी हे टेबल मळकट होतं. मी जर्दाळू खाऊन हात पुसले होते ना इथे!”

इंग्रिडनं टेबलावरून बोट फिरवलं. कसलं गुळगुळीत! “मेण!” ती किंचाळली. “रूडी, शाळेच्या हॉलला मेण लावलं तेव्हा तू स्केट्स घालून गेलास...”

“आणि चाकं न फिरताच भिंतीवर आपटलो!” रूडीनं कपाळ चोळलं.

केन्जीनं फळ्याजवळचा खडू आणला आणि उंदराच्या एका चाकावर ठिपका काढला. टेबलावर ढकललं, तर खडूचा ठिपका हलला नाही. फरशीवर ढकललं, तर गरागरा फिरला! काखेत कळसा आणि गावाला वळसा! मोठी माणसं तार तपासत बसली होती आणि टेबलाकडे कुणी बघितलंच नव्हतं.

“ए पोरांनो! हात लावू नका!” दारात मिस्टर पार्डी उभे होते. “पाहुण्यांसाठी काल मी स्वतः टेबल चमकवलंय. माझ्या गाडीचं खास मेण आहे ते!”

“पण त्यामुळेच उंदीर...”

“मला शिकवू नकोस, इंग्रिड. चला, बाहेर व्हा!”

केन्जीनं चेहरा अगदी भोळा केला. “साहेब, तुमची ती लाल गाडी झाडाखाली उभी आहे ना? त्याच झाडावर कबुतरं बसतात का हो?”

“कबुतरं!” मिस्टर पार्डी जे धावत सुटले!

रूडीनं डब्याची खाकी कागदी पिशवी रिकामी केली. इंग्रिडनं ती फाडून उलगडली आणि चारही कोपरे चिकटपट्टीनं टेबलावर पक्के केले. तेवढ्यात आई पाहुण्यांना घेऊन आलीच.

“आई, कागदावर चालव! नंतर सांगते!”

आईनं लेकीकडे पाहिलं आणि उंदीर कागदावर ठेवला. ठिपका सुळकन पळाला! तो पडद्यावरच्या एका वाक्यावर गेला, आईनं बटण दाबलं आणि अख्खं वाक्य उचलून वर नेलं!

“अफलातून!” पाहुण्यांपैकी मिस्टर लॅन्सिंग खुर्चीतून उठलेच. “पण हा कागद कशाला?”

इंग्रिडनं सगळं सांगितलं. धापा टाकत परत आलेल्या मिस्टर पार्डींचा चेहरा त्यांच्या गाडीइतका लाल झाला.

“चूक माझीच,” ते पुटपुटले. “शाब्बास, पोरांनो.”

“मिसेस हॉल्म, तुमचं काम थांबणार नाही,” मिस्टर लॅन्सिंग म्हणाले. “जरा मला बघू द्या.”

ते स्वतः बसले. पडद्यावर ‘प्रकल्पाचे शिल्पकार’ या ओळीखाली एकच नाव होतं, मिस्टर पार्डींचं. एका बोटानं अक्षरं शोधत शोधत मिस्टर लॅन्सिंगनी खाली चार नावं टंकली: नोरा हॉल्म, इंग्रिड, केन्जी, रूडी. मग उंदीर हातात घेतला, बटण दाबलं आणि चारही नावं उचलून पार्डींच्या नावाच्या वर ठेवली.