तिसरी हाक

वीज गेली म्हणून सगळे गच्चीवर जमले होते. आबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

“हर्षित, मोबाइलची बत्ती बंद कर. ऐश्वर्या, तू दचकतेस, तू इकडे माझ्याजवळ सरक. ऐकीव नाही सांगत. वागळे इस्टेटला माझ्या शेजारच्या मशीनवर पंढरी होता ना, त्याच्या पोरीची, निशाची गोष्ट. याच जानेवारीतली. पौषातली अमावस्या, त्यात रविवार.”

“आबा, प्रत्येक गोष्टीत अमावस्याच कशी हो?” हर्षित फिदीफिदी हसला.

“उतारा त्याच रात्री ठेवतात लोक. त्याला मी काय करू?”

निशा आईच्या गुडघ्याला मलम आणायला बाहेर पडली होती. ठाकुर्लीहून खाडीकडे उतरणारा रस्ता, लहानपणापासून पायाखालचा. मलम घेतलं, सुट्ट्या पैशांऐवजी मिळालेलं चॉकलेट तोंडात टाकलं आणि ती घराकडे वळली. दहा वाजून गेले होते.

मिठागराचा तिठा आला. मिठागर कधीच गेलं, नाव तेवढं मागे उरलंय. कडेला कुणीतरी उतारा ठेवला होता. केळीच्या पानावर भाताचा ढीग, वर गुलाल, कापलेलं लिंबू. उतारा ओलांडू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एका अंगाला गटार. म्हणून निशा वळसा घालायला रस्त्यात उतरली.

तेवढंच चुकलं.

पांढरी गाडी मागून आली, दिवे न लावता. निशा उडून त्या पानावरच आपटली. पुढे जाऊन गाडी थबकली, मागचे लाल दिवे लागले. थांबला बाबा, असं वाटून तिला हायसं झालं. लाल उजेडात नंबर दिसला. आणि गाडी सुसाट निघून गेली.

मोबाइल गटारात. उजवा पाय भलत्याच बाजूला वळलेला. मांडीवरून काहीतरी गरम वाहत होतं, थांबत नव्हतं.

एक स्कूटर आली. नवरा-बायको.

“ओ दादा...”

स्कूटर हळू झाली. दिव्याच्या झोतात त्यांना काय दिसलं असेल? अमावस्येचा तिठा, आणि केस सुटलेली, तोंडाला गुलाल फासलेली, भातात सरपटणारी बाई!

“मागे बघू नका! अहो, पळवा!” बायको किंचाळली.

मी माणूस आहे, असं निशाला ओरडायचं होतं. घशातून नुसती घरघर निघाली.

मग एक जण चालत आला. हाक ऐकली आणि रामनाम पुटपुटत उलट्या पावली पळाला.

मग कुणीच नाही.

इथेच मरणार आपण. आई मलमाची वाट बघत बसणार. निशाने हाताचा रेटा देऊन उठायचा प्रयत्न केला.

“उठू नको गो पोरी.”

उशाशी एक म्हातारी बसली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. खाडीच्या चिखलाचा वास.

“पाय मोडलाय. हालवू नको.” तिने लुगड्याची पट्टी टर्रकन फाडली आणि जखमेवर दाबून बांधली. हात गार होते. फार गार.

“गारीचा नंबर बगलास?”

“सत्तेचाळीस... एकोणीस. पांढरी.”

“तोच बोलत ऱ्हा. निजू नको.”

निशाचे डोळे मिटायला लागले, की कानाशी आवाज यायचा. “नंबर बोल.” ती बोलायची. पुन्हा मिटायचे. “नंबर बोल.”

“आजी, कुणी थांबतच नाही हो...”

“एका हाकेला कोन थांबनार? एक हाक भुताची. तीनदा मार.” म्हातारीने पट्टीची गाठ आवळली. मग म्हणाली, “मी एकदाच मारली व्हती.”

निशाने मान वळवून बघितलं नाही.

लांबून रिक्षा आली.

“दादा...”

रिक्षा पुढे गेली.

“दादा!”

आणखी पुढे.

तिने तोंड उघडलं. आवाज नाही. पुन्हा उघडलं. नाहीच. रिक्षा वळणाला लागली...

आणि उशाशी कुणीतरी हाक मारली.

रिक्षा थांबली.

रिक्षावाला संदेश. पोलिसांचं लफडं नको, म्हणून त्याचाही पाय आधी अडखळलाच. पण त्याने एकशेबाराला फोन लावला, एकशेआठची ॲम्ब्युलन्स बोलावली, आणि ती येईपर्यंत तिथून हलला नाही. निशा नुसता नंबर बडबडत होती. त्याने तो पोलिसांना दिला. त्याला कुणी अडकवलं नाही, उलट चहा पाजला. त्या नंबरावरून गाडी सापडली, पुढचा बंपर फुटलेली.

पहाटे हॉस्पिटलात संदेशने पंढरीला विचारलं, “काका, त्या आजी कुठे गेल्या?”

“कुठल्या आजी?”

“अहो, पोरीजवळच्या. पहिल्या दोन हाका पोरीच्या होत्या, मी नाही थांबलो. खोटं कशाला बोलू? तिसरी म्हातारीची होती, म्हणून...”

आबा थांबले.

“आणि... ती पट्टी?” ऐश्वर्याने विचारलं. तिने आबांची बाही धरली होती.

“आहे. पंढरीच्या घरी. त्याची बायको धुते, दोरीवर वाळत घालते. वाळली, की पट्टीवर पांढरं उमटतं. पुन्हा धुते. पुन्हा उमटतं.”

“साबण राहत असेल,” हर्षित हळूच म्हणाला.

“मलाही तसंच वाटलं.” आबांनी अंधारातच ओठांवरून बोट फिरवलं. “मी जिभेला लावून बघितलं रे...

मीठ आहे.”