सव्वीस नंबरचं लाकूड

भाचीची कल्पना अशी होती की आत्याचा कारखाना तिचीच वाट बघत असेल. तीन वर्षं दूरदेशी राहून ती तंतुवाद्यं घडवायला शिकली होती. परतीच्या प्रवासात तिने वहीत सतरा कलमं उतरवली होती: लाकडाचा भुसा ओढणारं यंत्र कुठे बसवायचं, खोलीतला ओलावा कसा मोजायचा, हाताने घडवलेल्या बेस गिटारची खरी किंमत लोकांच्या गळी कशी उतरवायची. जाळी-जळमटं असतील, पटाश्या गंजलेल्या असतील आणि आत्या म्हणेल, बरं झालं बाई, आलीस.

प्रत्यक्षात कारखाना लखलखीत होता. रंधे मोठ्याकडून धाकट्याकडे रांगेत बसलेले, कानशी खिळ्यांना टांगलेल्या, फरशीवर काडी नाही. फक्त आठ महिन्यांत त्या हत्यारांना कोणी लाकूड दाखवलं नव्हतं. आत्याचे हात थरथरत होते. कप दोन्ही हातांनी धरला तरी बशीत तळं साचायचं. तरी ती रोज नऊला दार उघडायची, हत्यारं पुसून त्यांना तेलाचा हात द्यायची आणि सहाला कुलूप घालून वर घरी जायची.

"प्रमाणपत्र आणलंस ना? दाखव," आत्या म्हणाली. डोळ्यांजवळ धरून तिने ते उलटंसुलटं केलं. "कागद चांगला जाड आहे."

त्या दिवसापासून भाचीचं नावच प्रमाणपत्र पडलं.

भाचीने ते हसून सोडून दिलं, कारण तिची नजर भिंतीवर खिळली होती. भिंतभर खाकी कागद, आणि प्रत्येकावर पेन्सिलने रेखलेला एकेक डावा हात. गिऱ्हाईक आलं की आत्या त्याचा हात कागदावर ठेवून रेघ फिरवायची, कागदाला नंबर द्यायची आणि त्याच दिवशी लाकूड निवडून त्याच्या टोकाला तोच नंबर घालायची. मग बेसची दांडी, म्हणजे जिच्यावर डाव्या हाताची बोटं फिरतात ती, त्या एकाच हातासाठी घडायची. दुकानातला बेस हजार हातांना थोडाथोडा बसतो. आत्याचा एकालाच बसायचा, पण असा की चार तास वाजवूनही मनगटाने तक्रार करू नये. हे भाची भेटेल त्याला सांगायची. यासाठीच तर ती परतली होती.

तिला पहिलं काम मिळालं जहाजवाल्याचं. हा पन्नाशीचा गृहस्थ प्रवासी जहाजावरच्या वाद्यवृंदात बेस वाजवायचा. संधिवाताने त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं आखडत चालली होती. त्याच्या बेसची बाकी सगळी घडण आत्याने स्वतःचे हात थरथरायला लागण्याआधीच करून ठेवली होती, दांडी तेवढी राहिली होती. जहाज अकरा दिवसांनी सुटणार होतं.

"तुमच्या आत्याबाईंनी शब्द दिलाय," तो म्हणाला. भाचीने त्याचा हात नव्याने रेखला, तेव्हा ती दोन बोटं कागदावर पुरती टेकली नाहीत. "या खेपेला नीट वाजलं नाही तर पुढच्या खेपेला माझ्या जागी दुसरा उभा असेल, ताई. तिशीतला. त्याला आत्तापासून शिकवायला लावलंय मलाच."

"तुमच्या हाताला जडच वाटणार नाही, अशी करीन," भाची म्हणाली. आणि तिने ते मनापासून म्हटलं होतं.

आत्या डॉक्टरांकडे गेली होती त्या सकाळी भाचीने फळीवरून एकसष्ट नंबरचं लाकूड काढलं, जहाजवाल्याचं. बोटाने टिचकी मारली. बरा आवाज होता, नुसता बरा. मग तिने मागे हात घातला. तळाशी, भिंतीला टेकून, काळपट पडलेली एक पट्टी होती. तिला टिचकी मारली आणि भाचीने श्वास रोखला. आवाज खोलवरून आला आणि संपायलाच तयार होईना. एवढं चांगलं लाकूड इथे पडून राहतं आणि माणूस तिकडे आखडत्या बोटांनी झगडतो, हे तिच्या तत्त्वात बसेना. टोकाला पेन्सिलीचं काहीतरी पुसट लिहिलेलं होतं. वखारीची खूण असेल. तिकडच्या शाळेत शिकवलं होतं तसं तिने पहिल्यांदा दोन्ही टोकं दोन-दोन बोटं कापून टाकली, कारण टोकं तडकलेली असतात. तुकडे कचऱ्यात गेले आणि रंधा चालू झाला.

दोन दिवसांत दांडी आकाराला आली. जहाजवाल्याच्या मापाची, भरदार, चोवीस मिलिमीटर जाड. तिसऱ्या दिवशी जेवून ती खाली आली आणि सवयीने जाडी मोजायचा कॅलिपर लावला. तेवीस पूर्णांक चार.

आपणच चुकलो, असं म्हणून तिने वहीत वेळ घालून आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशी जेवायला जाताना तेवीस पूर्णांक चार, येताना बावीस पूर्णांक सहा. कामाच्या टेबलाखाली कांद्याच्या सालीसारखे पातळ पापुद्रे पडले होते, ताजे. ते मुठीत घेऊन ती तडक वर गेली.

"आत्या, तू खाली गेली होतीस?"

"गेले होते की. उडत. अगं, मला भाजी चिरता येत नाही, दांडी काय तासतेय!"

"मग जाडी कमी कशी होते?"

"लाकूड आहे ते, आकसतं. हे नव्हतं का तुमच्या प्रमाणपत्रात?"

"आकसताना पापुद्रे नाही पडत."

आत्याने तिच्या मुठीतला एक पापुद्रा घेतला, नाकाशी धरला. तिच्या चेहऱ्यावरची थट्टा हळूहळू उतरली.

"हे एकसष्टचं लाकूड नाही."

"नाही. मागे एक पट्टी होती, तळाशी... आवाज इतका सुंदर होता गं."

"टोकाला नंबर होता तिच्या."

"मला वाटलं वखारीची खूण. कापली मी टोकं."

आत्या खाली बसली. हात मांडीखाली दाबून धरले तिने, पण मग खांदे थरथरायला लागले. "आता हात लावू नकोस त्याला," एवढंच म्हणाली. आणि तो पापुद्रा घेऊन उठून आत गेली.

भाची काही असल्या ताकिदीला भिणारी नव्हती. कोणीतरी दुपारच्या सुट्टीत येतं, दुसरी किल्ली असते कोणाकडे तरी, असं तिने ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवायला गेलीच नाही.

दांडी मागच्या खोलीत होती. तिच्यावर पडद्यांची, म्हणजे सुरासाठी बोटं दाबायच्या आडव्या तारांची, पट्टी सरसाने चिकटवलेली होती आणि सरस सावकाश सुकावा म्हणून त्या खोलीच्या झडपा बंद होत्या, पंखा बंद होता. बाहेर टळटळीत दोन वाजलेले, आत दिवेलागणीसारखा काळोख. भाचीने कडी लावली. कारागीर लाकडाचा उंचसखलपणा बघायला वापरतात तसा एक दिवा तिने टेबलावर आडवा ठेवला. त्याच्या तिरप्या उजेडात केसाएवढा खळगाही सावलीने दिसतो. दांडी शिकंज्यात पालथी धरलेली. तिची पाठ गुळगुळीत, एकही सावली नसलेली. तासण्याची पोलादी पट्टी समोरच्या खिळ्याला टांगलेली.

ती स्टुलावर बसली. सरसाचा उग्र वास, त्याखाली जुन्या लाकडाचा कडवट वास. रस्त्यावरून एक मालट्रक घरघरत गेला आणि भिंतींवरची हत्यारं किणकिणली. मग सगळं शांत झालं.

बऱ्याच वेळाने आवाज आला. खर्र... आणि थांबला. खर्र...

भाचीने आधी खिळ्याकडे बघितलं. पट्टी जागच्या जागी होती, हलतसुद्धा नव्हती. मग तिने दिव्याच्या उजेडात बघितलं. दांडीच्या पाठीवर एक बारीक सावली उमटली होती. ती लांब होत गेली, आणि तिच्या पुढे लाकडाचा पापुद्रा वर आला, वळला, आणि आपल्या वजनाने खाली पडला. मग दुसरा. घाई नव्हती. नवशिक्या माणसाचं असतं तसं काम होतं ते. दोन ओढी, मग थांबून चाचपून बघणं, मग पुन्हा दोन ओढी.

"कोण आहे?" भाची म्हणाली. तिचा आवाज तिलाच जेमतेम ऐकू आला.

खरखर थांबली.

कसं धाडस झालं कोण जाणे, पण तिने हात पुढे केला आणि डाव्या तळव्याने दांडी धरली. लाकूड कोमट होतं, दमट होतं. आणि तिच्या तळव्याखाली काहीतरी हललं... बाकावर आधीच बसलेलं माणूस दुसऱ्याला जागा करून द्यायला जरा सरकतं, तसं ते बाजूला सरकलं. पण उठून गेलं नाही. बोटांना बोटं लागत राहिली. लहान बोटं.

कडी कशी काढली, जिना कसा चढली, हे तिला नंतर सांगता आलं नाही.

आत्याने कपाटातून एक खाकी कागद काढला. भिंतीवर कधीच न लावलेला. नंबर सव्वीस. त्यावर एक हात नव्हता, एकात एक असे कितीतरी हात होते, आतला सगळ्यात लहान.

"शाळकरी पोरगी होती," आत्या म्हणाली. "एवढीशी. मोठ्या माणसांचा बेस तिच्या हातात मावायचा नाही, म्हणून माझ्याकडे आली. हात घेतला, लाकूड काढलं, त्यातलं सगळ्यात चांगलं. मग मोठं काम आलं एक. म्हटलं, पोरी, हात वाढतोय तुझा, आत्ता केली तर उद्या लहान पडेल, पुढच्या महिन्यात ये. पुढच्या महिन्यात आली. पुन्हा म्हटलं, वाढतोय. चार वर्षं यायची गं ती. यायची, कागदावर हात ठेवायची, म्हणायची, आत्याबाई, आता नाही ना वाढला?"

"आणि मग?"

"मग एकदा तिची आई आली. सांगायला."

खाली मागच्या खोलीत, झडपा बंद असलेल्या काळोखात, खर्र... खर्र... चालू झालं होतं. दोघींनाही ते ऐकू येत होतं.

"नंबर होता तोवर थांबली होती बिचारी," आत्या म्हणाली. "तू रंधा चालवलास, तिला वाटलं आपली पाळी आली."

"पण जहाजवाल्याचं काय? सकाळी दांडी हाताला लावून बघायला येणार आहेत ते. चारच दिवस राहिलेत, आत्या. तो जिवंत माणूस आहे!"

"मला काय सांगतेस ते? तीसुद्धा जिवंतच होती, मी तिला पुढच्या महिन्यात ये म्हणत होते तेव्हा."

सकाळी जहाजवाला आठलाच दारात हजर झाला. भाचीने खोली उघडली तेव्हा टेबलाखाली पापुद्र्यांचा ढीग होता. तिने कॅलिपर लावला. अठरा पूर्णांक दोन. आणखी थोडी तासली असती तर दांडी वाकू नये म्हणून पोटात घातलेली लोखंडी सळई उघडी पडली असती. पण तासणारीने बरोबर तिथेच हात आवरला होता. तासण्याचं काम पुरं झालं होतं. दांडीच्या पाठीवर, अंगठा टेकतो त्या जागी, वर्षानुवर्षं वाजवलेल्या वाद्यावर येते तशी झिलई चढली होती.

"तुमची अजून तयार नाही," भाची म्हणायला लागली, पण तोवर त्याने दांडी शिकंज्यातून सोडवून हातात घेतलीसुद्धा होती.

मोठा, गाठाळलेला हात तो. त्या निमुळत्या दांडीवर तो हास्यास्पद दिसायला हवा होता. तो दांडीभोवती वळला आणि चपखल बसला. आखडलेली दोन बोटं एकेक करून वाकली, उचलली गेली, पुन्हा वाकली.

"ताई... बघा. बघा ना! तीन वर्षांत पहिल्यांदा." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "दुखत नाही. जराही नाही. काय जादू केलीत हो तुम्ही?"

हेच ऐकायला ती परत आली होती. हेच वाक्य, हाच चेहरा. फक्त हो म्हणायचं होतं. भाचीने दाराकडे पाहिलं. तिथे आत्या चौकटीला धरून उभी होती. मग तिने पुन्हा त्याच्या हाताकडे पाहिलं. बोटं आपापली चालली होती, दोन ओढी, मग थांबून चाचपणं. तो त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हता.

"द्या इकडे," ती म्हणाली.

"अहो, बसतेय की छान!"

"म्हणूनच द्या."

सोडायला त्याला वेळ लागला. एकेक बोट तिने सोडवलं, तेव्हा दांडी सुटली.

"ही तुम्हाला मिळणार नाही," भाची म्हणाली, आणि म्हणतानाच तिला कळलं की हे आता बदलणार नाही. "ही जिची आहे तिच्यासाठीच मी पुरी करणार. तुमचं लाकूड फळीवर आहे, आवाज बरा आहे, नुसता बरा. त्याची तीन दिवसांत होईल तेवढी करून देते. रंगरोगण नसेल. दुखेल थोडं. पण हात तुमचा राहील."

"म्हणजे काय?" जहाजवाला चिडलाच. "हात माझा नाही तर कोणाचा—"

फरशीवर टण्‌ असा आवाज झाला. त्याच्या डाव्या अनामिकेतली अंगठी गळून पडली होती, आणि गोल गोल फिरत टेबलाच्या पायाशी जाऊन थांबली.

"कमाल आहे," तो वाकून ती उचलत म्हणाला. "लग्नानंतर निघालीच नव्हती. मागच्या वर्षी सोनाराने कापून काढू म्हटलं होतं." त्याने ती पुन्हा बोटात घातली, ती सुटून आली. मधल्या बोटात घातली, सुटून आली. तो हसला, जरासा ओशाळून, आणि त्याने ती अंगठ्यात घातली.

तिथेही ती सैल होती.